‘प्रीमियम लुक’वाल्या मॅनेजिंग कमिटीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्षसाहेब, सेक्रेटरी मॅडम, खजिनदार आणि कमिटीतली बाकी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

‘सोसायटीचा प्रीमियम लुक जपण्याबाबत’ असं सर्क्युलर तुम्ही काढलंत, लिफ्टमध्ये चिकटवलंत, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंत आणि टाकल्या टाकल्या ग्रुपचं सेटिंग बदलून फक्त ॲडमिनला बोलता येईल असं करून ठेवलंत. म्हणजे आम्ही नुसतं वाचायचं. म्हणून हे असं उघड्यावर लिहावं लागतंय, राग मानू नका. सोसायटीचं नाव लिहीत नाही, शेवटी घरचं भांडण आहे, आणि तसंही पुण्याच्या वाकड-हिंजवडी पट्ट्यातल्या निम्म्या सोसायट्यांना हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटणार आहे. नाव इटालियन आहे एवढं सांगते, त्यानेही काही ओळख पटणार नाही कारण या भागात सगळ्यांचीच नावं इटालियन नाहीतर स्पॅनिश आहेत.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, घातले तर ५०० रुपये दंड. गच्चीत पापड-कुरडयांचं वाळवण बंद. दारावर सगळ्यांची एकसारखी नेमप्लेट, ती पण कमिटीने सांगितलेल्या व्हेंडरकडूनच. दाराला काळी बाहुली, लिंबू-मिरची नको. गाड्यांवर ‘भडक मजकूर’ नको. घरकामाला येणाऱ्या बायकांनी मेन लिफ्ट वापरायची नाही, सर्व्हिस लिफ्टने यायचं. आणि सगळ्यात खाली बोल्डमध्ये, ‘वरील गोष्टींमुळे सोसायटी डाउनमार्केट वाटते व रिसेल व्हॅल्यूवर परिणाम होतो.’

वाटते. बरं, पण कुणाला वाटते? हे काही सर्क्युलरमध्ये लिहिलेलं नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या एका प्रश्नाभोवतीच आहे.

कपड्यांपासून सुरू करू कारण त्यावरून सगळ्यात जास्त आरडाओरडा झालाय. आपल्याकडे मार्च ते मे ऊन असं असतं की धुतलेली चादर दोन तासात कडक वाळते, फुकट. तुमचं म्हणणं की ड्रायर घ्या. घेतला असता, पण मला कळत नाही की वर एवढा मोठा फुकटचा ड्रायर तळपत असताना मी वीज जाळून कपडे का वाळवायचे, तर ते समोरच्या टॉवरमधून बघणाऱ्याला छान दिसावं म्हणून. सेक्रेटरी मॅडम, मीटिंगमध्ये तुम्ही म्हणालात की ‘अब्रॉड कुठेही असं दिसत नाही.’ तुमचा मुलगा तिकडे असतो, तुम्ही वरचेवर जाता, तेव्हा तुमचा अनुभव असेल, मान्य. पण अमेरिकेत कपडे दिसत नाहीत ते लोकांना आवडत नाही म्हणून नाही हो, तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनांनी दोऱ्या बांधायला बंदी घातली होती म्हणून, थेट तुमच्यासारखीच, आणि कारणही हेच की घरांच्या किमती पडतात. त्यावर लोक इतके वैतागले की फ्लोरिडा, मेन, व्हरमाँट अशा राज्यांनी कायदे करून लोकांना दोरी बांधायचा हक्क परत दिला. ‘राइट टू ड्राय’ म्हणतात त्याला, मी मनाचं सांगत नाही. म्हणजे ज्यांची नक्कल करायची तेच कधीचे पुढे निघून गेलेत आणि आपण त्यांच्या जुन्या भांडणाची झेरॉक्स काढतोय.

आणि इटलीचं तर विचारूच नका. नेपल्सच्या गल्ल्यांमध्ये या बाल्कनीतून त्या बाल्कनीत दोऱ्या आणि त्यावर सगळ्या खानदानाचे कपडे, आतले सुद्धा, आणि आपलेच लोक ईएमआयवर युरोप टूर करून त्याखाली उभे राहून फोटो काढतात, किती ऑथेंटिक म्हणून. इटालियन नाव लावलंय तर निदान ते तरी घ्या.

आता जरा मागे जाते, कारण तुमच्या कमिटीत बहुतेक जण माझ्या वयाचे नाहीतर थोडे मोठेच आहेत आणि तुम्ही हे सगळं बघितलेलं आहे, विसरलाय एवढंच.

आमच्या लहानपणी बोहारीण यायची आठवतंय का? जुने कपडे, जरीच्या साड्या घेऊन स्टीलची भांडी द्यायची. तेव्हा स्टील म्हणजे काय मानाची गोष्ट होती! घरोघरी पितळेचे डबे, तांब्याचे हंडे होते आणि ते बायकांना नकोसे झाले होते, चिंच लावून घासा, कल्हई करून घ्या, आणि दिसायला म्हातारं. मोडीत घातलं लोकांनी. आजीचा हंडा गेला आणि फळीवर स्टीलचे चकचकीत डबे उतरत्या क्रमाने लागले, प्रत्येकावर नाव कोरलेलं, अमक्याकडून सप्रेम भेट, तारखेसकट. पाहुणे आले की स्वयंपाकघराचं दार मुद्दाम उघडं ठेवायचे लोक. मग मेलामाइन आलं, मग काच आली, आणि स्टीलचं ताट म्हणजे मेस नाहीतर खानावळ असं झालं. आणि आता? आता तीच पितळ, तेच तांबं, काशाची वाटी, ज्या भावात आमच्या आईने अख्खा हंडा दिला असेल त्याच्या शंभरपट भावात ऑनलाइन, आणि मोठ्या रेस्टॉरंटात पितळेच्या थाळीत जेवण वाढलं की बिलात ते दिसतंच. अध्यक्षसाहेब, तुमच्या हॉलमध्ये कोपऱ्यात जो हंडा ठेवलाय आत लाइट सोडून, फार सुंदर दिसतो, मनापासून सांगते. पण चाळीस वर्षांपूर्वी तो हॉलमध्ये ठेवला असता तर लोक म्हणाले असते यांच्याकडे अजून नळ आला नाही वाटतं.

हंडा तोच आहे. मधे फक्त एवढं झालं की जे सगळ्यांकडे होतं ते कुणाकडेच उरलं नाही.

फरशीचं तेच. मोझॅक टाइल्स उखडून लोकांनी पांढऱ्या दोन बाय दोन व्हिट्रिफाइड घातल्या, हॉस्पिटलसारख्या, आणि आता इंटिरियरवाले टेराझो म्हणून तीच ठिपक्यांची फरशी दाखवतात आणि स्क्वेअर फुटाचा भाव ऐकला की बसायला खुर्ची लागते. ओट्याला काळा कडप्पा गेला, ग्रॅनाइट आलं, ग्रॅनाइट गेलं, क्वार्ट्झ आलं. शहाबादी फरशी गावाकडच्या पडवीत होती तोवर गावंढळ, फार्महाऊसला लावली की रस्टिक. चेतक स्कूटर आठवा! आपल्याच आकुर्डीत बनायची आणि नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, लग्नात हुंड्यात मागायचे मेले. मग मोटरसायकली आल्या आणि चेतक म्हणजे दूधवाल्याची गाडी झाली, कंपनीने बंदच केली, आणि २०२० साली तेच नाव लावून इलेक्ट्रिक आणली ती सुरुवातीलाच एक लाखाची, आणि आपल्या पार्किंगमध्ये तिला चार्जिंग पॉइंट मिळावा म्हणून रांग आहे. एचएमटीचं घड्याळ, जावयाला लग्नात द्यायचे ते, नंतर कुणी मनगटाला लावेना, आता जुनं एचएमटी शोधत पोरं रविवारी जुन्या बाजारात फिरतात.

लग्नातलं जेवण घ्या. पंगत होती, पत्रावळी होत्या, वाढपी ओरडत यायचे. मग ज्याच्याकडे पैसा आला त्याने बुफे ठेवला, हातात प्लेट घेऊन उभ्याने जेवायचं आणि कोपराला कोपर लागून आमटी सांडायची, पण तेव्हा ते भारी होतं, ‘आमच्याकडे बुफे होता’ असं सांगायचे लोक. आता बुफे गल्लोगल्ली झाला, पाणीपुरीचा काउंटर नाही असं लग्नच नाही, तर सगळ्यात उच्चभ्रू लग्नात परत केळीच्या पानावर पंगत आणि धोतर नेसलेले वाढपी. धोतर भाड्याचं.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आत लागतं ते भाकरीचं. आमचं माहेर माणचं, सातारा जिल्ह्यातला कोरडा भाग. ७२ च्या दुष्काळात मी अगदी लहान होते, मला स्वतःला काही आठवत नाही पण आई सांगायची, खडी फोडायला जायचे सगळे, खायला सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो यायचा, लाल जोंधळा, त्याच्या भाकरीचा वास जनावरांच्या खाद्यासारखा. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्याकडे गव्हाची पोळी म्हणजे सणाची, पाहुण्यांची. शाळेत डब्यात भाकरी असली की झाकण अर्धंच उघडून खायचो आम्ही, आणि पोळी-भाजीवाल्या मुली वेगळ्या बसायच्या. आई म्हणायची तुम्ही शिका म्हणजे तुमच्या घरी रोज पोळी होईल. शिकलो. रोज पोळी झाली. तोवर इकडे डायबेटिस झाला आणि डॉक्टरने सांगितलं भाकरी खा. २०२३ तर युनोने भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि नाचणीचे बिस्किट, ज्वारीचे पास्ते, बाजरीचा पिझ्झा असं काय काय निघालं, आपल्याच क्लबहाऊसमध्ये ‘मिलेट ब्रंच’ झाला, माणशी ६५० रुपये, आणि त्यात ठेचा इतक्या छोट्या वाटीत दिला होता की मला वाटलं नुसता वास घ्यायचाय.

मी गेले होते, खाल्लं, छान होतं. तक्रार त्याची नाहीये. तक्रार ही आहे की त्याच सोसायटीच्या गच्चीवर माझ्या सासूबाईंनी बाजरीच्या खारोड्या आणि गव्हाच्या कुरडया घातल्या तर ते डाउनमार्केट, आणि खाली क्लबहाऊसमध्ये केटररने घातल्या तर हेरिटेज. सासूबाईंचं वय ८१ आहे आणि कुरडयांचा चीक त्यांच्याइतका कुणाला जमत नाही. गेल्या उन्हाळ्यात वॉचमनने त्यांना गच्चीवरून खाली यायला सांगितलं. त्याची चूक नाही, त्याला वरून ऑर्डर होती.

आता जरा अवघड विषयाकडे येते. गाड्यांवरचा ‘भडक मजकूर’.

सर्क्युलरमध्ये तुम्ही नाव लिहिलं नाही पण सगळ्यांना कळलं की हे कुणासाठी आहे. आपल्या बी विंगमध्ये जे स्थानिक कुटुंब आहे, पांढरी फॉर्च्युनर, मागे आडनाव एवढ्या मोठ्या अक्षरात, त्यावर सोनेरी सिंह, नंबर ४१४१ आणि तो ‘दादा’ वाचला जाईल असा रंगवलेला. नंबरप्लेटचं म्हणाल तर ते बेकायदेशीरच आहे, नंबर नियमातल्याच अक्षरात पाहिजे, त्यासाठी आरटीओ आणि ट्रॅफिक पोलीस आहेत, कमिटी कशाला पाहिजे. पण तुमचा राग नंबरप्लेटवर नाही. माझ्यासमोर लिफ्टमध्ये एक जण म्हणाले होते, ‘गुंठामंत्री आलेत राहायला, आता काय राहिलं सोसायटीचं.’

गुंठामंत्री म्हणजे जमिनीचे गुंठे विकून पैसा आलेले. हे वाक्य मी कधी विसरणार नाही कारण ज्या जमिनीवर ती लिफ्ट वर-खाली होते ना, ती जमीन याच लोकांची होती. १९९० नंतरच्या दहा वर्षांत हिंजवडीत आयटी पार्क आला, तोवर इथे ऊस होता, ज्वारी होती, म्हातोबाची यात्रा होती. आपण सगळे नंतर आलो. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, आणि गुंठ्या-गुंठ्याने जमिनी गेल्या. कुणाला चांगला भाव मिळाला, कुणी फसला, कुणाचे पैसे पाच वर्षांत संपले आणि आता तोच माणूस त्याच जमिनीवरच्या गेटवर सिक्युरिटीच्या युनिफॉर्ममध्ये उभा आहे. हडपसरजवळच्या मगरपट्ट्याला जमलं, तिथे १२० च्या आसपास शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून जास्त जमीन विकली नाही, एकत्र केली, स्वतःचीच कंपनी काढून शहर वसवलं आणि आजही त्यात त्यांचा वाटा आहे. पण असं फार थोड्या ठिकाणी झालं, बाकी ठिकाणी बिल्डर आला आणि चेक देऊन गेला. त्या चेकचं सोनं केलं, गाडी घेतली, शर्यतीचा बैल घेतला, यात इतकं हसण्यासारखं काय आहे? पिढ्यानपिढ्या ज्या माणसाची पत त्याच्या शेतावरून गावाला दिसायची त्याचं शेतच गेलं, मग आता पत दाखवायची कशावर? अंगावर. गाडीवर.

बैलगाडा शर्यतीला तुम्ही नाक मुरडता. बैलांच्या हालाचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर कोर्टात भरपूर भांडण झालंय, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, मग राज्याने कायदा बदलला, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ ला कोर्टाने कायदा वैध ठरवला. तो वाद मी इथे सोडवत नाही. पण लिफ्टमध्ये जे बोलणं चालतं ते बैलांबद्दल नसतंच, ते ‘लाखो रुपये बैलावर कोण घालतं’ असं असतं. आणि बोलणारा माणूस लाखाची सायकल भिंतीला टांगून ठेवतो, पावसाळा सोडून महिन्यातून एकदा पाषाणपर्यंत जाऊन येतो आणि स्ट्राव्हा ॲपवर टाकतो. बैल निदान रोज बाहेर पडतो.

पुण्यात मला नेहमी वाटतं की इथे तीन-चार बाजारभाव एकाच वेळी चालू असतात आणि दुसऱ्याची नोट कुणी घेत नाही. पेठेतले जुने लोक आहेत, त्यांच्यात साधेपणाचाच रुबाब. कॉलर विरलेली, सायकल नाहीतर जुनी स्कूटर, घरात सोफा कुठला, कॉट आणि सतरंजी, पण सवाईच्या जुन्या आठवणी निघाल्या की भीमसेनजींनी कुठल्या साली पहाटे काय गायलं ते तिथे बसल्याच्या थाटात सांगणार, आणि मुलगी प्रिन्स्टनला आहे हे तुमच्या तिसऱ्या वाक्यात ते बरोबर आणणार. त्यांना सोन्याची साखळी दिसली की कपाळाला आठी. मग आमच्यासारखे, नोकरीवर बाहेरून आलेले, आम्हाला पांढऱ्या भिंती पाहिजेत, रिकामा हॉल पाहिजे, एक झाड कुंडीत, मॅरेथॉनचं मेडल, मुलांची इंटरनॅशनल स्कूल, आणि बोलताना ब्रँडचं नाव घ्यायचं नाही पण लोगो दिसला पाहिजे अशा बेताने बसायचं. आणि मग गावातली मंडळी, ज्यांच्यात मोठेपणा म्हणजे माणसं. लग्नाला किती हजार जेवले, दारात किती गाड्या लागल्या, मयतीला किती लोक आले. त्यांना आपले पन्नास माणसांचे ‘इंटिमेट’ साखरपुडे बघून वाटतं की बिचाऱ्यांना कुणी नाही.

खरं सांगू का, ते मला कधी कधी पटतं.

या तिघांत बरोबर कोण? कुणीच नाही, आणि सगळे. पेठेतल्या साधेपणाला सुद्धा पैसे लागतात बरं का, म्हणजे मागे वाडा असला, डिग्री असली, आडनाव असलं की विरलेली कॉलर शोभते. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याची कॉलर विरली तर तिला कुणी उच्च विचारसरणी म्हणत नाही. आणि सरकारला यातलं सगळं बरोबर कळतं, २०२४ ला त्यांनी चॉइस नंबरची फी वाढवली, पुण्या-मुंबईत चारचाकीचा ०००१ पाहिजे तर ६ लाख. तिजोरीला भडक-बिडक काही वाटत नाही.

तर आता सर्व्हिस लिफ्ट.

इथे मात्र मी मस्करी करणार नाही. फर्निचर, सिमेंटची पोती, टेम्पोतून आलेला फ्रिज, हे सर्व्हिस लिफ्टने जावं, शंभर टक्के मान्य. पण माणूस हा माल नाही. आमच्याकडे येणाऱ्या मावशी लातूरकडच्या, सकाळी साडेसहाला काळेवाडीतून निघतात, आपल्या तीन विंगमध्ये मिळून सात घरं करतात. एका विंगला सर्व्हिस लिफ्ट एकच, सकाळी आठला तीत कचऱ्याचे ड्रम असतात, पाण्याचे जार असतात, आणि समोर पंधरा बायका उभ्या. मेन लिफ्ट दोन, बहुतेक वेळा रिकाम्या फिरतात. उशीर झाला की आपणच ओरडतो. त्या दिवशी मावशी बाराव्या मजल्यापर्यंत जिन्याने आल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि आल्या आल्या मला म्हणाल्या, ‘ताई, लिफ्टमध्ये आमचा वास येतो म्हणं.’ मला काय उत्तर द्यावं कळेना. ज्या हातच्या भाकरीला वास येत नाही, ज्या हाताने आपली पोरं आंघोळ घालून घेतात, त्याला लिफ्टमध्ये दोन मिनिटात वास कसा येतो हे कमिटीनेच मला समजावून सांगावं. आणि ही नुसती श्रीमंती-गरिबीची गोष्ट आहे असंही मला सांगू नका, कुणी कुठून यायचं आणि कुठून जायचं, कुणाची सावली कुठे पडायची, हे आपल्या गावांमध्ये कसं ठरायचं ते आपल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. तेच आता स्टेनलेस स्टीलच्या दरवाजावर बटण लावून आणलंय.

बाकी नियमांवर हसता येतं, याच्यावर नाही. हा नियम आजच्या आज मागे घ्या.

मी म्हणत नाही की सोसायटीला नियमच नकोत. जिन्यात चपलांचे रॅक नकोत, बरोबर आहे, आग लागली तर पळायचं कुठून. ओले कपडे न पिळता बाहेर टांगले आणि खालच्यांच्या अंथरुणावर पाणी ठिबकलं तर दंड लावा, मी पहिली सही करीन. रात्री दहानंतर डीजे नको, त्याला २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेतच, आणि ते गणपतीतल्या मंडळाला लागू आहेत तसे तुमच्या थर्टी फर्स्टच्या रूफटॉप पार्टीलाही आहेत हे जाता जाता सांगते. म्हणजे दुसऱ्याला त्रास होत असेल तिथे नियम करा. दुसऱ्याला शोभत नाही, तिथे नको. माझ्या दारावरची काळी बाहुली, अंधश्रद्धा आहे म्हणून माझ्याशी वाद घाला, मी चहा करते, बसून घालू. माझी मुलगीही रोज घालते. पण ‘लुक’ बिघडतो म्हणून काढायला सांगाल तर काढणार नाही. आणि नेमप्लेटचं तर मला हसूच येतं. आमच्या मजल्यावर एकाची लाकडी आहे, एकाने वारली चित्र काढलंय, एकाची संगमरवरावर उर्दू आणि मराठी दोन्हीत आहे, एकाने अजून बिल्डरने दिलेला नुसता फ्लॅट नंबर ठेवलाय. लिफ्टमधून बाहेर पडलं की कुणाचं घर कुठलं ते लगेच कळतं. सगळ्या सारख्या करून काय मिळणार, हॉटेलची रूम चुकल्यासारखं लोक दुसऱ्याचं दार वाजवतील.

रिसेल व्हॅल्यूचं तुम्ही फार मनावर घेतलंय. मी तीन एजंटांना विचारलं. तिघांनीही पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा, टँकर किती लागतात. दुसरा, सकाळी हिंजवडी चौकात किती वेळ अडकायला होतं. बाल्कनीतल्या टॉवेलबद्दल एकानेही विचारलं नाही. गेल्या उन्हाळ्यात आपण टँकरवर किती खर्च केला तो आकडा सर्क्युलरमध्ये आला असता तर मी खरंच वाचलं असतं, आणि आपल्याच बोअरवेलच्या रिचार्जचं काम किती महिने अडलंय त्याचंही.

म्हणून माझ्या मागण्या, सरळ सांगते. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यात शेवटचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, कमिटीचा नाही, आणि सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. तेव्हा हे सर्क्युलर सभेच्या अजेंड्यावर आणा, मतदान होऊ दे. तोवर दंड घ्यायचा नाही, ज्यांच्याकडून घेतलाय त्यांना परत द्यायचा. लिफ्टचा नियम सभेपर्यंत थांबवायचा नाही, तो आत्ताच काढायचा आणि लिफ्टमध्ये तसं लिहून लावायचं, मराठीत आणि हिंदीत, म्हणजे मावशींनाही वाचता येईल. नेमप्लेटच्या व्हेंडरचं कोटेशन सगळ्यांना दाखवायचं, एकच का आलं आणि कुणाच्या ओळखीतून आलं तेही. आणि व्हॉट्सॲप ग्रुप उघडा करा बाबांनो, लोक काय बोलतील ते बोलतील.

सभेला बी विंगमधल्या दादांनाही बोलवा, निमंत्रण घरी जाऊन द्या. ते येत नाहीत असं तुम्ही म्हणता, पण मी विचारलं तर म्हणाले मला कधी कुणी सांगितलंच नाही, मेसेज सगळे इंग्लिशमध्ये असतात. टँकरवाला त्यांच्या गावकीतलाच आहे आणि पाण्याचा रेट कसा कमी करायचा ते त्यांना माहितीये, आपल्यापैकी कुणाला नाही.

वाळवणाचं राहिलं. यंदा सासूबाईंच्या कुरडया गच्चीवरच होतील. तारीख ठरली की वॉचमनला आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्याची पंचाईत नको, आणि तुमच्यापैकी कुणाला चीक खायचा असेल तर सकाळी सातच्या आत वर या, गरम असतानाच खायचा असतो, तूप-साखर घालून. ५०० रुपयांची पावती बरोबर आणलीत तर ती सभेपर्यंत माझ्याकडे ठेवून घेईन.

आपली,
सी विंगमधली, बाल्कनीत कपडे वाळत घालणारी एक सभासद

ता. क. : मेन गेटवरच्या त्या दोन प्लास्टरच्या घोड्यांपैकी डाव्याचा कान तुटलाय. ते घोडे कुणाला शोभतात आणि कुणाला नाही यावर मी काही बोलत नाही, पण दुरुस्तीचा खर्च मेंटेनन्समधून जाणार असेल तर तोही सभेत मांडा.